बारा हंडी, मोजल्या तर नऊ

[काळा पडदा. लाकूड तडकल्याचा आवाज. मग भट्टीचं तोंड, अगदी जवळून.]

रात्रीचे पावणेअकरा. मुंबई, भेंडी बाजार, त्यातला बोहरी मोहल्ला. आजूबाजूची शटरं खाली येतायत आणि या एका दुकानात आत्ता कुठे कामाला हात लागलाय. गिऱ्हाईक येणार पहाटे सहाला. त्याची न्याहारी आत्ता चुलीवर चढते आहे.

पदार्थाचं नाव बारा हंडी. सुरतेच्या झांपा बाजारातही ती मिळते, आणि या दुकानाचं घराणंही मूळचं सुरतेचंच. भेंडी बाजारातली भेंडी मात्र भाजीची नव्हे. इथं भेंडीची झाडं होती म्हणून भेंडी बाजार, असं एक म्हणणं. साहेब लोक या वस्तीला ‘बिहाइंड द बझार’ म्हणायचे त्याचं हे झालं, असं दुसरं. आम्हाला झाडाची गोष्ट आवडते. दोन दिवस फिरून एकही झाड सापडलं नाही, ते सोडा.

[ओट्यावरून सरकत जाणारा कॅमेरा. हंड्यांची तोंडं, एकामागून एक.]

दुकान दहा बाय चौदाचं. त्यातलं निम्मं या ओट्यानं खाल्लंय. विटांचा, मातीनं लिंपलेला, कमरेइतका उंच. ओट्याला गोल भोकं आणि त्यांत गळ्यापर्यंत उतरवलेल्या तांब्याच्या हंड्या. खालून पोकळी एकच, लांबलचक. लाकडं एका टोकाला. त्यामुळे पहिल्या हंडीला जाळ लागतो, मधल्यांना आच आणि शेवटच्या दोघींना नुसती धग. कोणतं मांस कोणत्या हंडीत, ते यावरून ठरतं. घरच्या शेगडीवर आपण बटण फिरवतो, इथं भांड्याची जागाच आच ठरवते.

मोजा. आम्ही मोजल्या. नऊ.

उरलेल्या तीन भोकांपैकी एकावर फळी टाकून गल्ला ठेवलाय. दुसऱ्यात कांद्याची गोणी. तिसऱ्यात हे मांजर, कारण तिथं कायम ऊब असते. दुकान चालवणाऱ्या चाचांना विचारलं, बाकीच्या तीन कुठे गेल्या? ते म्हणाले, “नाम बारा का है बेटा, खाना नौ का है.” आणि पुन्हा लाकडाकडे वळले.

पाया, नळी, पिचोटा म्हणजे शेपूट, सूखा… पुढची नावं आम्ही गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना विचारली. आठव्या हंडीपर्यंत त्यांचं एकमत होतं. नंतरचं भांडण संकलनात काढून टाकावं लागलं.

[पाया जाळावर धरलेला. केस जळताना. सुरीची पात.]

हे बघा. पाय थेट जाळावर धरायचा, केस जाळायचे, सुरीनं खरवडायचा, धुवायचा, पुन्हा खरवडायचा. आज असे चाळीस पाय आहेत आणि हा मुलगा एकटा आहे. उन्हाळ्यात या कामाला कोणी टिकत नाही.

हंडीत जातं ते जनावराचं सगळ्यात कष्टलेलं अंग. पोटरी, मान, शेपूट, खूर. आयुष्यभर जे चाललं आणि जे सारखं हललं ते. मऊ मांस महाग असतं आणि अर्ध्या तासात शिजतं, त्याला रात्र कशाला लागेल? ही सगळी रात्र स्वस्त मांसासाठी आहे. हमालाला, गाडीवाल्याला परवडेल ते मांस, आणि ते चावता यावं म्हणून एवढा खटाटोप.

देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून या शहराला मांस पुरवतो. बैल आणि वळू मार्च २०१५ पासून राज्यात कायद्यानं बंद झाले, गाय त्याच्या कितीतरी आधी. तेव्हापासून या हंडीत म्हैसवर्गीय मांस. चव बदलली का? “बदली,” चाचा म्हणतात.

[मसाल्याची पोटली. हात.]

मसाला बघायला आलेल्यांची इथं निराशा होईल. आलं-लसूण, हळद, धणे, मीठ. पांढऱ्या फडक्याच्या पोटलीत बडीशेप, सुंठ, दालचिनी, मोठी वेलची आणि आणखी काही, जे त्यांनी पाठ करून टाकलं. पाठ आमच्याकडे. आपल्या कांदा-लसूण मसाल्याच्या मानानं हे पथ्याचं जेवण म्हणावं लागेल. रश्श्याला तिखटजाळ तर्री नाही. वर जे तरंगतं ते नळीतलं आणि हाडातलं.

शेवटी कालच्या हंडीतला एक डाव आजच्या हंडीत. दिल्लीत रात्रभर मांस शिजवणाऱ्या निहारीवाल्यांकडेही हीच रीत, तिथं त्या राखून ठेवलेल्या रश्श्याला ‘तार’ म्हणतात, आणि पिढ्यान् पिढ्या तुटली नाही असं अभिमानानं सांगतात. रोज एक डाव घातला तर आजोबांच्या रश्श्याचा थेंब आज किती उरला असेल, हा हिशेब आमच्या कॅमेरामननं मोबाइलवर करून पाहिला. चाचांना दाखवला नाही.

[रात्र १२.१०. झाकण. ओलं फडकं. फडक्यावर वीट.]

झाकण, वर ओलं फडकं, फडक्यावर वीट. आता ढवळायचं नाही.

[जाळ. मोठा वेळ फक्त जाळ. आवाज तसाच ठेवावा.]

खरं काम आता सुरू होतं, आणि ते दिसायला काहीच नाही. चाचा स्टुलावर बसलेत. दर वीस-पंचवीस मिनिटांनी एकेका हंडीचं झाकण बोटभर सरकवतात, आत बघतात, बंद करतात. काय बघतात? बुडबुडे. एका वेळी दोन-तीन आले तर ठीक. भराभर यायला लागले की चिमट्यानं लाकूड मागे. एकही नाही आला तर लाकूड पुढे. रात्रभर एवढंच. लाकूड वीतभर पुढे, वीतभर मागे.

उकळी फुटू द्यायची नाही, यामागे कारण आहे. स्नायूंना बांधून ठेवणारी चिवट जाळी कोलॅजनची असते. सत्तर अंशांच्या पुढे ती हळूहळू सुटायला लागते आणि तिचं जिलेटिन होतं. पाया खाल्ल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात ते त्याचंच. पण ‘हळूहळू’ हा शब्द इथं तासांत मोजायचा. घाई करून खळखळा उकळलं तर मांसाचे धागे आकसतात, पाणी सोडतात, चरबी रश्श्यात घुसळली जाते आणि रस्सा गढूळ होतो. कुकरमध्ये हेच तासाभरात होतं, खोटं कशाला बोला. मी घरी केलं. पाया शिजला. पण नळ्या रिकाम्या निघाल्या, सगळा गर रश्श्यात, आणि मुलं हाडं चोखत बसली होती उगाच.

आणखी एक. रात्रभर मांस ठेवायचं तर ते गरमच राहिलं पाहिजे, चांगलं साठ अंशांच्या वर. चूल विझवून भांडं तसंच कोमट राहू दिलं तर सकाळी रस्सा खराब. म्हणजे कोणीतरी जागं हवं. चाचा अठरा वर्षांचे असल्यापासून जागे आहेत.

[रात्र २.३५. लाकडाचा ढीग. तुळईचा तुकडा, हिरवा रंग, खिळ्याचं भोक.]

हे लाकूड जरा जवळून बघू. हा हिरवा रंग चुलीच्या लाकडाला कुठून आला? हे भोक बिजागरीचं आहे. ही चौकट होती. ती तिकडची जाड, काळी, ती तुळई. बर्माटीक, शंभरेक वर्षं मुरलेलं सागवान. ते पटकन पेटत नाही, आणि पेटलं की पहाटेपर्यंत धग सोडत नाही. चाचांच्या मते हंडीला याच्यासारखं लाकूड नाही.

ते येतं इथूनच. भेंडी बाजारचा पुनर्विकास २००९ मध्ये स्थापन झालेला बोहरा समाजाचा एक ट्रस्ट करतो आहे. साडेसोळा एकर, जवळजवळ अडीचशे जुन्या इमारती. एकेक पाडली जाते, लाकूड भंगारात जातं, भंगारातून हातगाडीवर, हातगाडीवरून इथं. या इमारतींत राहणं धोक्याचंच होतं. ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तेहतीस माणसं गेली.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या शहरातल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. धूर वाईटच, रंगाच्या लाकडाचा तर फारच. चाचांना खोकला आहे.

[पुन्हा जाळ. हंडीच्या बुडाशी लाल निखारे.]

गॅसवर हंडी होईल का? होईल. पण गॅसची आच एका जागी राहते, तिला शेपूट नसतं. नऊ हंड्यांना नऊ बर्नर लागतील, आणि ही धग, जी पहिलीपासून नववीपर्यंत हळूहळू कमी होत जाते, ती कशी आणायची, हे अजून तरी कोणी करून दाखवलेलं आम्ही पाहिलं नाही. वीट तापते, माती तापते, लाकूड संपलं तरी ओटा तासभर शिजवत राहतो. हा ओटा चाचांच्या वडिलांनी बांधला. तो उचलून नेता येत नाही. नव्या इमारतीत गाळा मिळेल. गाळ्यात ओटा बांधू देतील का, चिमणी वर काढू देतील का, हे कागदावर कुठे लिहिलेलं नाही.

[पहाट ५.२०. गल्ली. दूरवर अजान. पहिलं झाकण उघडतं, वाफ.]

[इथं निवेदन नाही. वाफ, डाव, नळी ठोकल्याचा आवाज.]

[सकाळ ६.०५. बाकं. ताटल्या. लांबट खमिरी रोटी.]

अरबीत नहार म्हणजे दिवस. त्याच घरातला शब्द निहारी, आणि तोच आपल्या माजघरात येऊन न्याहारी झाला. भाकरी-चटणीच्या फडक्याला आपण न्याहारी म्हणतो, आणि दिल्लीत रात्रभर शिजलेल्या मांसाला निहारी. दोन्ही कामावर जाणाऱ्याचं पोट धरणारी.

पहिली ताटली हमालांची. त्यांच्याकडे ऑर्डर नसते, नुसतं ‘मिक्स’ म्हणायचं. मग चाचा एका डावानं पाच-सहा हंड्या फिरतात. इकडून पोटरी, तिकडून नळी, शेवटी पिचोट्याचा रस्सा. लिंबू, आलं, कोथिंबीर. मग टॅक्सीवाले. मग रात्रपाळी उरकून आलेले हे दोघे. अस्सल मराठी. म्हणाले, हात दाखवा, चेहरे नकोत, घरी बघतील. म्हणून तुम्हाला फक्त हात दिसतायत. उजव्या मनगटावरचा लाल धागा रश्श्यात बुडू नये म्हणून त्यांनी तो वर सरकवलाय.

“दर गुरुवारी सोडून,” त्यांतला एक म्हणाला. एवढंच वाक्य आम्हाला वापरायची परवानगी आहे.

साडेनऊला शेवटची हंडी खरवडली जाते.

[राख. मुलाच्या हातात दोरीला बांधलेला लोहचुंबक.]

ही युक्ती मुलाची स्वतःची. दोरीला स्पीकरमधला लोहचुंबक बांधलाय, तो राखेतून फिरवतो. खिळे, स्क्रू, बिजागरीचे तुकडे. पत्र्याच्या डब्यात टाकतो, डबा भरला की भंगारवाल्याकडे. चहाचे पैसे सुटतात.

[दुपार. फुटपाथवर कल्हईवाला. हंडी. पांढरा धूर.]

आणि हे, ज्यासाठी आम्ही तीन आठवडे थांबलो. कल्हईवाला महिन्यातून एकदा येतो आणि एका खेपेला दोनच हंड्या करतो. आज आपलं नशीब चांगलं.

आधी हंडी वाळू आणि काथ्यानं घासायची, लालभडक होईपर्यंत. मग भात्यावर तापवायची. आत नवसागराची पूड, आणि हा धूर. पुण्या-मुंबईच्या वाड्यांत ज्यांचं बालपण गेलं त्यांच्या नाकात हा वास अजून असेल. धूर निघतोय तोवरच कथलाची कांडी टेकवायची. कथील दोनशे बत्तीस अंशांना वितळतं, म्हणजे क्षणभर इकडे-तिकडे झालं तर एक तर धरत नाही किंवा करपतं. कापसाचा बोळा घेऊन एकाच हातात, एकाच फेऱ्यात पुसायचं. बघा. पुन्हा बघा, हे आम्ही संथ करून दाखवतोय. लाल तांब्यावरून चांदी धावत जाते.

हे केलं नाही तर हंडी कळकते. आंबट गेलं की तांबं रश्श्यात उतरतं, हिरवट चव येते, उलट्या होतात. ‘ताक कळकलं’ म्हणणारी आपली आजी ज्याला घाबरायची तेच हे. स्टीलच्या हंडीला यातलं काहीच लागत नाही. चाचांकडे स्टीलची हंडी आहे. तिच्यात ते पाणी भरून ठेवतात.

कल्हईवाल्याचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो.

[दुपार ४.१५. हातगाडी. लाकडं उतरवताना.]

आजची गाडी. तुळयांचे दोन तुकडे, एक जिन्याची पायरी, मधोमध झिजून खोलगट झालेली. आणि हे दार. अख्खं. त्याच्यावर पितळेची पट्टी अजून तशीच आहे, खोली नंबर सतरा.

चाचांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, बोटानं ठोकून पाहिलं.

“सागवान है,” म्हणाले. मग मुलाला सांगितलं, आधी पट्टी काढ, बिजागऱ्या काढ, आणि हे दार कोपऱ्यात उभं कर. आज तुळया पुरतील.

[दार भिंतीला टेकवलेलं. भोकातून मांजर बाहेर येतं. हंडी ओट्यात उतरते. काळा पडदा.]