चेहरा गेला, तरी मन तिथंच

(दृश्य : एमआरआय यंत्र. आत आडवी झालेली एक वयस्क व्यक्ती.)

सॅन फ्रान्सिस्को, कॅलिफोर्निया विद्यापीठ. पडद्यावर एक निसर्गचित्र येतं आणि जातं. ते ध्यानात ठेवायचंय. तेवढ्यात मध्येच एक चेहरा झळकतो. बाई की पुरुष, वय साधारण किती, एवढंच सांगायचं. मग पुन्हा निसर्गचित्र. मघाचंच का हे?

मेंदूशास्त्रज्ञ ॲडम गझाली आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. एका गटात तरुण, दुसऱ्यात सत्तरीच्या आसपासची माणसं. चेहरा दिसताच दोन्ही गटांचं लक्ष सारखंच विचलित झालं. खरा फरक पडला तो त्यानंतर. तरुणांच्या मेंदूनं चेहरा सोडून दिला आणि मघाच्या चित्राशी तुटलेला दुवा पुन्हा जोडला. ज्येष्ठांच्या मेंदूत मात्र, पडद्यावरून गेलेल्या चेहऱ्यावरच काम चालू राहिलं.

म्हणजे अडचण आहे ती मागे फिरण्यात. औषध घ्यायला उठलेल्या आजींना फोन येतो. फोन संपतो, पण मन त्याच बोलण्यात घुटमळतं आणि गोळी राहून जाते. त्यांना सरसकट ‘विसराळू’ म्हणणं हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : लांब कॉरिडॉर. काठी टेकत चालणारे आजोबा.)

चालणंही मेंदूचं लक्ष मागतं. स्वीडनमधल्या उमिओच्या संशोधकांनी १९९७मध्ये नोंदवलं होतं : चालताना कुणी बोलायला लागलं की जे ज्येष्ठ थबकतात, ते पुढच्या सहा महिन्यांत पडण्याची शक्यता जास्त.

(दृश्य : व्हिडिओ गेम. वळणावळणाचा रस्ता.)

मग यावर इलाज? गझालींच्याच प्रयोगशाळेनं ‘न्यूरोरेसर’ हा खेळ तयार केला. एका हातानं गाडी सांभाळायची आणि ठरावीक खूण दिसली, तरच दुसऱ्यानं बटण दाबायचं. हात बसला की खेळ आणखी अवघड होतो. साठ ते पंच्याऐंशी वयाची माणसं महिनाभरात बारा तास हा खेळ खेळली आणि त्यात सराव नसलेल्या विशीतल्या पोरांना मागे टाकलं. मेंदूच्या कपाळामागच्या भागातल्या थीटा लहरी, म्हणजे लक्ष ताब्यात ठेवण्याशी निगडित विद्युत लहरी, त्याही वाढल्या. गाडी आणि खुणा यांचा वेगवेगळा सराव केलेल्यांना ही मजल गाठता आली नाही. दोन्ही एकदम सांभाळण्याचाच सराव हवा होता.

सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली. खेळातलं कसब टिकून होतं.