मला धनी म्हणू नकोस

पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर जव. आज बोलायला सुरुवात या हिशेबापासूनच करतो. शेकेल म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम, आपला तोळाच म्हणा ना. तेव्हा पंधरा तोळे चांदी. होमर हे धान्याचं माप. हिब्रूत गाढवाला ‘हमोर’ म्हणतात, त्याच्याशी नातं सांगणारा हा शब्द. एका गाढवावर लादता येईल एवढं ओझं. म्हणजे दीड गाढव जव. गहू नव्हे, जव. बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात शोमरोन शहराच्या वेशीवरचा भाव दिलेला आहे: एका शेकेलला सपीठ एक माप, आणि जव दोन मापं. गरिबाचं धान्य.

एवढं मोजून होशेय नावाच्या संदेष्ट्यानं एक बाई सोडवून घरी आणली. ती त्याची स्वतःची बायको होती.

कुणाच्या हातून सोडवली, ती तिथवर कशी गेली, कर्जात अडकली होती की गुलाम झाली होती, यातलं काहीही लिहिलेलं नाही. बायबलमध्ये त्याच्या नावाचं पुस्तक आहे, त्याच्या तिसऱ्या अध्यायात हे येतं, आणि तिथं तिचं नावसुद्धा नाही. ती पहिल्या अध्यायातली गोमरच, असं बहुतेक वाचक धरतात, मीही धरतो. एखाद्याच्या बैलानं दुसऱ्याच्या गुलामाला शिंगानं भोसकून मारलं, तर मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे भरपाई तीस शेकेल. इथं रोख आहेत त्याच्या निम्मे. जवाची किंमत मिळवली की बेरीज तीसपर्यंत जाते, असा हिशेब काही भाष्यकार मांडतात. असेलही. मला मात्र त्या ओळीत रोकड कमी पडली म्हणून घरातली कणगी उघडणारा माणूस दिसतो.

काळ ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाचा, दुसऱ्या यराबाम राजाच्या अखेरीचा. उत्तरेचं इस्राएल राज्य, राजधानी शोमरोन. पैसा होता. तिथल्या उत्खननात हस्तिदंताचे नक्षीदार तुकडे निघाले आहेत आणि १९१० साली खापरांवर लिहिलेल्या तेलाच्या नि द्राक्षारसाच्या नोंदीही. यराबाम गेला आणि सगळं ढासळलं. त्याच्यानंतर सहा राजे झाले, त्यातल्या चौघांचे खून झाले. मनहेम नावाच्या एका राजानं अश्शूरच्या, म्हणजे असिरियाच्या, बादशहाला खंडणी द्यायला प्रत्येक धनवंताकडून पन्नास शेकेल वसूल केले. पन्नास, बरं का. होशेयाला पंधरा जमवताना जवापर्यंत यावं लागलं होतं.

या माणसाला परमेश्वर सांगतो, जा आणि व्यभिचारी बाईशी लग्न कर, कारण हा देश मला सोडून तसाच वागतो आहे. मोठमोठी माणसं इथं अडखळली. बाराव्या शतकातल्या मायमोनिदीसनं तर सांगून टाकलं की हे सगळं संदेष्ट्याच्या दर्शनात घडलं, प्रत्यक्षात नाही. देव असं सांगेलच कसा, ही त्यांची अडचण मला समजते. पण पहिल्या अध्यायात एक बारीकशी ओळ आहे: मधल्या मुलीचं दूध तोडल्यावर गोमरला पुन्हा दिवस गेले. दर्शनात कुणी मुलीचं दूध तोडल्याची नोंद करत नाही, मंडळी. ही घरातल्या माणसाची आठवण आहे.

तीन मुलं झाली. पहिल्याच्या वेळी मजकूर म्हणतो, तिनं ‘त्याला’ मुलगा दिला. पुढच्या दोघांच्या वेळी हा ‘त्याला’ गळला आहे. लेखकानं त्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही. शेजारीपाजारी मात्र बोललेच असतील.

आणि नावं काय ठेवली? थोरला इज्रेल, म्हणजे येहू राजानं जिथं रक्ताचे पाट वाहवले त्या गावाचं नाव. धाकटा लो-अम्मी, ‘माझे लोक नव्हेत’. आणि मधली मुलगी लो-रुहामा. हा ‘रुहामा’ शब्द ‘रेहेम’पासून येतो आणि रेहेम म्हणजे गर्भाशय. म्हणजे पोटातून येते ती माया. ती जिच्या वाट्याला आली नाही, ती लो-रुहामा. रोज संध्याकाळी अंगणातून हाक मारायची ती या नावानं. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे मुलींची नावं नकुशी ठेवली गेलीच ना? २०११ साली सातारा जिल्ह्यात एका समारंभात २८५ मुलींची ती नावं बदलली, पोरींनी स्वतः नवी नावं निवडली. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत हेच घडतं. ‘लो’ म्हणजे ‘नाही’. तो नकार तेवढा काढून टाकला जातो. बहिणीला आता ‘रुहामा’ म्हणा, भावांना ‘अम्मी’.

मराठीत ‘टाकलेली’ हा शब्द आहे. नवऱ्यानं टाकलेली. शिष्टपणे बोलायचं तर परित्यक्ता. बायकोनं टाकलेल्या पुरुषासाठी आपल्याकडे शब्दच नाही, आहे ते फक्त हसू. चावडीवर त्याच्याकडे बघून लोक तोंड फिरवतात आणि हसतात. होशेयाच्या पुस्तकात परमेश्वर स्वतःला या जागी उभं करतो. राजा, न्यायाधीश, सेनापती अशी चित्रं तोवर होतीच. इथं तो बायकोनं टाकलेला नवरा आहे, ज्याला गाव हसतं. देवाच्या एकनिष्ठेवर आपण फार गोड बोलतो. ती निष्ठा इथं अब्रू घालवून बसलेली आहे.

आता ज्या दोन शब्दांसाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. दुसऱ्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, त्या दिवशी तू मला ‘ईशी’ म्हणशील, ‘बआली’ म्हणणार नाहीस. दोन्हींचा अर्थ ‘माझा नवरा’ असाच. पण ‘बआल’ म्हणजे मालक, धनी. घराचा बआल, बैलाचा बआल, बायकोचा बआल. आणि ‘ईश’ म्हणजे माणूस. इंग्रजी भाष्यकारांना हा फरक समजवायला अर्धं पान लागतं. आपल्याला नाही लागत. आपल्या गावाकडच्या बाया नवऱ्याबद्दल काय म्हणतात? ‘आमचे मालक बाहेर गेलेत’, ‘धनी घरी न्हाईत’. आणि त्याच बाया जीव लावून बोलतात तेव्हा? ‘माझा माणूस’. झालं. एवढंच आहे ते. मला धनी म्हणू नकोस, माझा माणूस म्हण.

त्यात आणखी एक पदर आहे. बआल हे कनानातल्या पावसाच्या, पिकाच्या देवाचंही नाव. १९२९ साली सीरियाच्या किनाऱ्यावर उगारीत इथं मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांत या बआलाच्या कथाच्या कथा आहेत. मेघांवर स्वार होणारा हा देव मृत्यूशी झुंजतो. शेतकऱ्याचा देव. आणि इस्राएल लोक काही परमेश्वराला सोडून उघडपणे त्याच्याकडे गेले नव्हते. त्यांनी दोघांची सरमिसळ केली होती. मघाशी म्हटलं त्या शोमरोनच्या खापरांवर यहोवाचं, म्हणजे परमेश्वराचं, नाव गुंफलेली माणसांची नावं आहेत आणि शेजारीच बआलाचं नाव गुंफलेलीही. सीनायच्या वाळवंटात कुंतिलेत अज्रूद इथं १९७५-७६ साली एक रांजण मिळाला, त्यावर ‘शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा’ यांच्या नावानं आशीर्वाद लिहिलेला आहे. अशेरा ही कनानातली देवी. लोकांना यात काही वावगं वाटत नव्हतं. पाऊस कुणाचा का असेना, पडला म्हणजे झालं. होशेयाची तक्रार इथं अगदी घरगुती होते: धान्य, द्राक्षारस, तेल मी भरत होतो, आणि ती समजत होती की तिचे यार देतात.

पण मी तुम्हाला गोड तेवढंच सांगितलं तर ते खोटं होईल. याच दुसऱ्या अध्यायात हा नवरा म्हणतो, मी तिला उघडी करीन, वाटेवर काटे लावीन, कोंडीन. वाचताना अंगावर काटा येतो. या ओळी हातात घेऊन मार खाणाऱ्या लेकीला ‘होशेयाकडे बघ आणि सोसून नांद’ असं सांगणारे उपदेशक मी ऐकले आहेत. त्यांनी पुस्तक उलटं धरलं आहे. होशेयात सोसणारा नवरा आहे. सासरी गप्प बसायचा हुकूम इथं बाईला दिलेला नाही.

मागे एका गावात मी हेच बोललो. सभा संपल्यावर सतरंजी गुंडाळत एक आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘समदं खरं, भाऊ. पर गोमर काय म्हनली?’ मला उत्तर सुचलं नाही. चौदा अध्यायांच्या पुस्तकात गोमरनं स्वतःच्या नावानं उच्चारलेलं एक वाक्य नाही.

केडगावच्या पंडिता रमाबाई मला इथं आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणलं, आणि ते काम हातावेगळं करून १९२२ साली गेल्या. मुक्ती मिशनच्या आवारात त्यांनी ‘कृपासदन’ चालवलं होतं, जगानं ज्यांना ‘पतित’ म्हटलं त्या बायकांसाठी. छापखान्यात खिळे जुळवायला मिशनमधल्याच बायकामुली. होशेयाचं पुस्तक मराठीत उतरत होतं, तेव्हा आसपास अशा बायका राहत होत्या ज्यांना गोमर म्हणजे कोण हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

बरं, कायद्याचं काय? सोडचिठ्ठी देऊन गेलेली बायको दुसऱ्याची झाली, तर पहिल्या नवऱ्यानं तिला परत घ्यायचं नाही, असं मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या, म्हणजे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या, चोविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि होशेयात ‘ती माझी बायको नव्हे, मी तिचा नवरा नव्हे’ असे शब्द येतात. हे काडीमोडाचेच बोल आहेत असं अनेकांचं मत. म्हणजे परत आणायची वाट कायद्यानंही जवळजवळ बंद. तरी पुढं तोच म्हणतो, मी तुला वाग्दत्ता करीन. हा शब्द कोऱ्या नवरीसाठीचा आहे, परत आलेल्या बायकोसाठीचा नव्हे! तो तीनदा येतो. नीतिमत्ता, न्याय, ‘हेसेद’, कळवळा, निष्ठा, हे सगळं तो देज म्हणून मांडतो. आजही यहुदी पुरुष सकाळच्या प्रार्थनेला तेफिलिनची, म्हणजे शास्त्रवचनं ठेवलेल्या चामडी डबीची, पट्टी मधल्या बोटाला तीन वेढे देताना हीच वचनं म्हणतात. 

हेसेद या शब्दासाठी आपण ‘दया’ म्हणतो. चालतं, पण थोडकं पडतं. दया परक्यावरही येते. हेसेद ही नात्यातली गोष्ट आहे. समोरच्यानं शब्द मोडला तरी आपण आपला सोडायचा नाही.

आता अकरावा अध्याय. इथं लग्नाचं चित्र बाजूला पडतं आणि लेकराचं येतं. एफ्राईमला, म्हणजे त्याच उत्तरेच्या इस्राएलला, चालायला मी शिकवलं, त्यांना हातांवर घेतलं. मग राग येतो, अश्शूर येतं, तलवार येते. आणि मधेच आवाज फुटतो: एफ्राईमा, तुला मी कसा सोडू? तुला अदमासारखा कसा करू, सबोईमसारखा कसा करू? अदमा आणि सबोईम ही सदोमाबरोबर नष्ट झालेली नगरं. ती ‘उलथली’ असं शास्त्र सांगतं, आणि त्यासाठी ‘हाफख’ हे क्रियापद वापरतं. होशेयात पुढच्याच वाक्यात तेच क्रियापद येतं, पण नगराबद्दल नाही. ‘माझं काळीज माझ्यात उलथलं आहे.’ गावावर पडायचा घाव आत वळला.

आणि त्याला जोडूनच: ‘मी देव आहे, ईश नाही.’ तोच शब्द. दुसऱ्या अध्यायात म्हणाला, मला माझा माणूस म्हण. इथं म्हणतो, मी माणूस नाही, म्हणून मी रागाच्या भरात येणार नाही. हा धागा मी जोडतो आहे, व्याकरण मला तसं करायला भाग पाडत नाही. पण मला तो सुटत नाही. नवऱ्याचं चित्र जिथवर पोचतं तिथवर देव ते वापरतो, आणि जिथं कुठलाही नवरा हात टेकेल, तिथं ते खाली ठेवून देतो.

तालमुदात, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, पेसाहीम या भागात, यावर एक खोडकर गोष्ट आहे. देव होशेयाला म्हणाला, तुझी लेकरं चुकली. होशेयानं म्हणायला हवं होतं की देवा, ती तुझीच आहेत, क्षमा कर. तो म्हणाला, जग तुझं आहे, दुसरे लोक घे. तेव्हा देवानं त्याला हे लग्न करायला लावलं. मुलं झाल्यावर म्हणाला, आता टाक तिला. होशेय म्हणाला, मुलं झालीत, नाही टाकवत. देव म्हणाला, तुझी बायको कशी, मुलं कुणाची, हे तुला ठाऊक नाही, तरी टाकवत नाही. मग माझ्या लोकांना बदलून टाक असं मला कसं सांगितलंस?

तरीही इतिहास काही थांबला नाही. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन पडलं. २७,२९० माणसं नेली, असा आकडा अश्शूरच्या सर्गोन राजानं कोरून ठेवला आहे. शेवटच्या राजाचं नाव हिब्रूत संदेष्ट्याचंच, होशेय. निष्ठा म्हणजे संकट टळणं असं समजणाऱ्यांना हे पुस्तक फार काळ हाती धरवत नाही. होशेयाचे शब्द मात्र दक्षिणेला यहूदात पोचले आणि टिकले. त्यातल्या ‘आशेचं दार’ या दोन शब्दांवरून १८७८ साली एका वस्तीचं नाव ठेवलं गेलं, पेताह तिकवा; आज ते तेल अवीवजवळचं मोठं शहर आहे.

त्या दाराच्या ओळीतच पुढं एक क्रियापद आहे, आणि ते मला फार उशिरा दिसलं. परमेश्वर तिला रानात नेऊन तिच्या मनाशी बोलतो, आणि मग मजकूर म्हणतो, ‘तिथं ती उत्तर देईल.’ काही भाषांतरांत ‘गाईल’ असं आहे. हिब्रू क्रियापदाला दोन्ही अर्थ आहेत. पुढच्या वेळी त्या गावी गेलो तेव्हा आजींना शोधून हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि विचारलं, ‘देईल म्हनजी अजून दिलं न्हाई?’

नाही, म्हटलं. अजून नाही.