जटायू मिळाले की फेलूदा मिळाला

(दृश्य: राजस्थानचं वाळवंट. उंटांवर बसलेले तिघं जण. दूरवर रेल्वेचा धूर.)

उंटांवरच्या या तिघांना बंगालमध्ये ओळख करून द्यावी लागत नाही. उंचापुरा, शांत चेहऱ्याचा तो प्रदोष मित्र, म्हणजेच फेलूदा. पोरसवदा दिसतोय तो त्याचा चुलतभाऊ तोपशे. आणि उंट उठताना आधी पुढे, मग मागे फेकले गेलेले, टक्कल आणि मिशीवाले गृहस्थ म्हणजे लालमोहन गांगुली. 'जटायू' या टोपणनावाने धडाकेबाज रहस्यकथा लिहिणारे लेखक.

१९७४ चा हा चित्रपट, 'सोनार केल्ला'. लेखक सत्यजित राय, दिग्दर्शकही तेच. लाडक्या पुस्तकाचा सिनेमा करताना दिग्दर्शकाला लेखकाचा धाक असतो. इथे तो धाकच नव्हता. म्हणूनच रायांनी स्वतःच्या कादंबरीवर कुठे कात्री चालवली, हे बघण्यासारखं आहे.

(दृश्य: 'संदेश' मासिकाचे जुने अंक. रायांची शाईची रेखाटनं.)

फेलूदा जन्मला १९६५ मध्ये, 'संदेश' या मुलांच्या मासिकात. रायांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी ते सुरू केलं होतं. मध्ये बंद पडलेलं मासिक रायांनी १९६१ मध्ये पुन्हा उभं केलं आणि त्यासाठी लिहिता लिहिता हा गुप्तहेर हाती लागला. कथा सांगतो तोपशे. चित्रं रायांचीच. मराठी वाचकाच्या हाती या गोष्टी आल्या त्या अशोक जैन यांच्या अनुवादातून.

सुरुवातीच्या कथांत जटायू नाहीत. ते आले १९७१ मध्ये, 'सोनार केल्ला' या कादंबरीत. राजस्थानकडे निघालेल्या गाडीत भेटतात काय आणि कायमचे सोबती होतात काय! त्यांचा कादंबरीतला नायक प्रखर रुद्र कशालाच घाबरत नाही. लेखक स्वतः मात्र बऱ्याच गोष्टींना घाबरतात. उंट पोटात पाणी साठवून ठेवतो, असं त्यांनी छापून टाकलेलं असतं. फेलूदा शांतपणे सांगतो, मदारीत चरबी असते आणि त्या चरबीपासून शरीरात पाणी तयार होतं. लालमोहनबाबू राग धरत नाहीत. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करण्याची त्यांची तयारी असते. मला हा माणूस आवडतो तो इथपासून.

(दृश्य: जयपूरचा नाहरगड. तटबंदीवरून खाली दिसणारं शहर.)

आता कात्रीकडे येऊ. कादंबरीत मुकुल नावाच्या मुलाला मागचा जन्म आठवतो, त्यात एक सोन्याचा किल्ला असतो, आणि डॉक्टर हाजरा त्याला घेऊन राजस्थानात येतात. हे हाजरा खरे की तोतया, हे वाचकाला शेवटाकडे कळतं. सगळी कादंबरी त्या प्रश्नावर तोललेली आहे.

चित्रपटात रायांनी ते गुपित सुरुवातीलाच फोडून टाकलं. नाहरगडावर खऱ्या डॉक्टरांना कड्यावरून ढकललं जातं, ते आपण डोळ्यांनी बघतो. तोतया कोण, हे फेलूदाच्या किती तरी आधी आपल्याला ठाऊक असतं.

हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. पुस्तकात गुप्तहेर शेवटी सगळ्यांना समोर बसवून उलगडा करतो, तेव्हा आपण पानं मागे उलटून धागेदोरे जुळवतो. पडद्यावर तेच दृश्य म्हणजे एक माणूस बोलतोय आणि बाकीचे ऐकतायत. शिवाय लाडक्या मालिकेचा प्रेक्षक पुस्तक वाचूनच आलेला असतो. ज्याला उत्तर पाठ आहे, त्याच्यापासून उत्तर लपवून काय साधणार? रायांनी त्याला दुसरंच काही दिलं. चोर शेजारच्या खोलीत उतरलाय, आपल्याला माहीत आहे, आणि जटायू त्याच्याशी मोकळेपणाने गप्पा मारतायत. इथे हसूही येतं आणि जीवही टांगणीला लागतो.

पुस्तकातली एक गोष्ट मात्र पडद्यावर येऊच शकत नव्हती. तोपशेची नजर. जटायूंच्या गमती आपण वाचतो त्या त्या मुलाच्या शब्दांत, आणि त्या शब्दांत माया असते. कॅमेऱ्याला माया लिहिता येत नाही. त्यासाठी असा नट लागतो, ज्याच्याकडे पाहून आपल्याला हसू येईल, पण त्याची टर उडवावीशी वाटणार नाही.

(दृश्य: संतोष दत्त यांची छायाचित्रं. शेजारी पुस्तकातली जटायूंची रेखाटनं.)

तो नट होता संतोष दत्त. पेशाने वकील. 'सोनार केल्ला'मध्ये ते विनोद करत नाहीत. ते मनापासून घाबरतात, मनापासून उत्साहात येतात आणि आपलं मोडकंतोडकं हिंदी पूर्ण आत्मविश्वासाने बोलतात. चित्रपटानंतर पुस्तकांतली चित्रंही बदलली. रायांच्या हातून उतरणारे जटायू संतोष दत्तांसारखे दिसू लागले. पुस्तकावरून सिनेमा निघाला आणि सिनेमाने पुस्तकातला चेहरा ठरवला.

(दृश्य: काशीचे घाट, अरुंद गल्ल्या, हवेलीचा जिना.)

१९७९ चा 'जय बाबा फेलुनाथ' काशीत घडतो. मगनलाल मेघराज या बड्या धेंडाच्या घरी तिघांना बोलावणं येतं. उत्पल दत्तांचा मगनलाल गादीवर रेलून बसलाय, आवाज गोड. सरबत येतं. जटायूंचा हात पुढे जात नाही. यात विष नाही, असं मगनलाल सांगतो, आणि त्या खुलाशानेच आपला घसा कोरडा पडतो.

मग करमणूक म्हणून जटायूंना फळीसमोर उभं केलं जातं. सुरे फेकणारा अर्जुन म्हातारा आहे, थकलेला आहे. ही भूमिका कामू मुखर्जींनी केली. 'सोनार केल्ला'तला खलनायक मंदार बोस तो हाच माणूस, आणि पटत नाही. एकेक सुरा येतो आणि अंगाशेजारी रुततो. फेलूदा समोर बसलाय आणि काहीही करू शकत नाही.

या प्रसंगात एकही माणूस मरत नाही, रक्ताचा थेंब नाही. तरी संबंध मालिकेत याहून भयंकर काही पडद्यावर आलं असेल असं मला वाटत नाही. तोवर आपण याच माणसाला हसत आलेलो असतो. तो आता घामाघूम होऊन उभा आहे, आणि आपलं हसू कुठल्या कुठे जातं. पुढे घाटावर फेलूदा बोलून दाखवतो, याचा बदला घेईन, नाहीतर गुप्तहेरी सोडून देईन. चोरीचा छडा लावणं मागे पडतं. मित्राच्या अपमानाचा हिशेब चुकता करायचा असतो. शेवटी मगनलालला भिंतीशी उभं करून फेलूदा त्याच्या आजूबाजूला गोळ्या झाडतो, तेव्हा तो हिशेब पुरा होतो. जटायू नुसतेच हसवणारे असते, तर हा शेवट उभाच राहिला नसता.

(दृश्य: काठमांडूचे रस्ते. जुना टीव्ही संच.)

१९८० च्या दशकात दूरदर्शनसाठी रायांचे चिरंजीव संदीप राय यांनी हिंदीत 'किस्सा काठमांडू का' केलं. फेलूदा शशी कपूर, मगनलाल पुन्हा उत्पल दत्त, आणि जटायू आपले मोहन आगाशे. नाना फडणवीस रंगवलेला, पेशाने मनोविकारतज्ज्ञ असलेला नट. वकिलानंतर डॉक्टर! अडचण वेगळीच होती. सगळेच हिंदी बोलत असताना जटायूंच्या मोडक्या हिंदीची गंमत उरत नाही, आणि नटाला सगळी भिस्त चेहऱ्यावर आणि चालण्याबोलण्यावर ठेवावी लागते.

१९८८ मध्ये संतोष दत्त गेले. त्यानंतर सत्यजित रायांनी फेलूदावर चित्रपट केला नाही. दोन्ही चित्रपटांत फेलूदा झालेले सौमित्र चटर्जी होते, कथा होत्या. जटायू नव्हते.

पुढचा गाडा संदीप रायांनी ओढला. सब्यसाची चक्रवर्ती फेलूदा झाले. जटायू झाले रवी घोष, मग अनुप कुमार, मग विभू भट्टाचार्य. २००३ च्या 'बोम्बाइयेर बोम्बेटे'त तर जटायूंच्याच कादंबरीवर मुंबईत हिंदी सिनेमा निघतो! आपली कथा पडद्यावर जाताना लेखकाचं काय होतं, हे रायांनी १९७६ मध्येच लिहून ठेवलं होतं. २०११ मध्ये विभू भट्टाचार्य गेले. मग २०१४ ला 'बादशाही आंगटी' आली, २०१६ ला आणखी दोन कथा, आणि या तिन्ही कथांत जटायू नाहीत. फेलूदा बदलला तरी चित्रपट निघाले. जटायू मिळेनात, तेव्हा त्यांच्याविना असलेल्या कथा शोधाव्या लागल्या.

२०२२ च्या 'हत्यापुरी'त अभिजित गुहा जटायू झाले. त्याआधी २०२० मध्ये सृजित मुखर्जींच्या वेब सीरिजमध्ये अनिर्बाण चक्रवर्ती. सृजित यांनी काळ जुनाच ठेवला. संदीप रायांनी फेलूदाला आजच्या काळात आणलं, खिशात मोबाइल दिला.

(दृश्य: कात्रणांच्या वह्या, जुनी वर्तमानपत्रं.)

मोबाइल आला की नुकसान होतं ते सिधू काकांचं. वर्तमानपत्रांची कात्रणं जपणारा हा म्हातारा फेलूदाचा चालताबोलता संदर्भकोश. 'सोनार केल्ला'त हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांनी तो काय झोकात उभा केलाय! त्याचं काम फोनने हिरावून घेतलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. जटायूंचं मात्र काही बिघडत नाही. उंटाच्या पोटात पाणी असतं, याबद्दल फेलूदाने सांगेपर्यंत त्यांच्या मनात शंकाच नसते. मग फोन काढून ते बघणार कशाला?