लाडू जर्मनीला निघाला

(दृश्य : शिलाई मशीनची सुई, पांढरं कापड, आत्यांचे हात)

ही पिशवी सापासाठी शिवली जातेय. सोलापूरच्या एका गल्लीत, घरच्याच मशीनवर. कापड आहे मांजरपाट. आत्यांनी आधी टॉवेल काढला होता. सोलापुरात कापड म्हटलं की हात आधी टॉवेलकडेच जाणार. पण टॉवेलच्या फाशांत सापाचे दात अडकतात. म्हणून साधं, दाट विणीचं सुती कापड घेतलंय. त्याला दुहेरी शिलाई घातलीय आणि शिवणीची कड बाहेरच्या बाजूला ठेवलीय. बघा, आत्या पिशवीत हात घालून कोपऱ्याकोपऱ्यातून बोट फिरवतायत. आत एक सुटा दोरासुद्धा राहता कामा नये.

(दृश्य : काचेची पेटी, साप बाहेर येतो)

हा लाडू. बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोट्या चणीचा, बिनविषारी अजगर. घाबरला की डोकं मध्ये घेऊन गच्च वळतो, त्यावरून घरच्यांनी हे नाव ठेवलं. लाडूनं जंगल पाहिलेलं नाही. त्याचा जन्मच पिंजऱ्यातला. आपल्याकडचा भारतीय अजगर वेगळा. तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे आणि तो घरात ठेवणं हा गुन्हा आहे.

लाडूचा मालक, म्हणजे आत्यांचा भाचा, नोकरीसाठी जर्मनीला चाललाय. मित्रांनी सल्ला दिला, कुणाला तरी देऊन टाक. त्यानं ऐकलं नाही.

(दृश्य : थर्मामीटर, ओलं गोणपाट, बंद हीट मॅट)

अजगराला पेटीत एका कोपऱ्यात ३१-३२ अंशांची ऊब लागते, दुसऱ्या कोपऱ्यात २६-२७ चा गारवा. सोलापुरात अडचण उबेची नाहीच. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या वर, आणि लाइट गेली की कूलर बंद. मग आजी गोणपाट भिजवून आणते. पेटीला ऊब देणारी हीट मॅट उन्हाळाभर नुसती पडून असते. जर्मनीत नेमकं उलटं होणार आहे.

(दृश्य : जेवणाच्या टेबलावर फाईल, पानं उलटली जातात)

आता ही फाईल. साप पाळणारा म्हणजे टवाळ पोरगा, असं गल्लीत बोललं जातं. बोलणाऱ्यांनी ही फाईल एकदा चाळावी.

पहिलं पान नोंदणीचं. बॉल पायथन हा सायटीस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो. २०२२ च्या दुरुस्तीनं आपल्या वन्यजीव कायद्यात अशा प्राण्यांसाठी अनुसूची ४ आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले, आणि ज्यांच्याकडे असे प्राणी होते त्यांना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायला सहा महिने मिळाले. लाडूची नोंद त्या मुदतीतली आहे. जात, वय, फोटो, कुठून आला त्याचा पुरावा, सगळं जोडलेलं. विकत घेतल्याची पावती आईनं रेशन कार्डाच्या पाकिटात ठेवली होती, म्हणून सापडली. ती नसती तर पुढचं एकही पान नसतं.

पुढची पानं परवान्यांची. भारतातून बाहेर न्यायला सायटीसची निर्यात परवानगी लागते. ती सहा महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. जर्मनीत उतरवायला तिथला आयात परवाना वेगळा, कारण युरोपीय संघ परिशिष्ट २ मधल्या जिवंत प्राण्यांसाठी तोही मागतो. घरसामानाला सायटीसमध्ये जी सूट मिळते, ती जिवंत जनावराला नाही. मग पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र. सोलापुरात म्हशीपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांचे डॉक्टर आहेत, पण सापाचं तोंड उघडून बघणारा शोधायला पुणं गाठावं लागलं. चार वेगवेगळ्या टेबलांवरून फिरणारे हे कागद. एकाची मुदत दुसऱ्याच्या आधी संपली की पुन्हा पहिल्या टेबलापासून.

(दृश्य : प्लायवूडची पेटी, ड्रिलनं भोकं)

सुताराला पेटीची मापं विमान वाहतुकीच्या नियमांप्रमाणे दिलीयत. हवेसाठी भोकं, त्यावर आतून जाळी, कडेनं थर्माकोल. पेटीवर ‘जिवंत प्राणी’ ही पट्टी, वरची बाजू दाखवणारे बाण, शास्त्रीय नाव आणि संख्या : एक. साप केबिनमध्ये नेता येत नाही, कार्गोनंच जातो. आणि कार्गोत जागेचाही हिशेब होतो. दीड किलोच्या लाडूला भाडं पडतं ते पेटीच्या आकाराचं.

शेवटचा उंदीर त्याला निघायच्या बराच आधी दिलाय. पोटात भक्ष्य असताना हलवलं तर साप ते ओकून टाकतो. उपाशी राहण्याची काळजी नको. हा प्राणी थंडीत आठवडेच्या आठवडे तोंड फिरवून बसतो. काळजी करते ती आजी.

(दृश्य : टाकीतलं कासव, कानामागचा लाल पट्टा)

घरात आणखी एक जण आहे, आणि तो जाणार नाही. हे लाल कानाचं कासव, रेड इअर्ड स्लायडर. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढं मिळालं, आता ताटाएवढं झालंय. युरोपीय संघानं २०१६ पासून त्याला आक्रमक परकी प्रजातींच्या यादीत टाकलंय. तिथं आणायला बंदी, विकायला बंदी, पैदास करायला बंदी. कुठलाही परवाना मागून उपयोग नाही. पिल्लू घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदार सांगणारही नाही.

परगावी जाणारे लोक अशी कासवं तळ्यात सोडून देतात. तिथं ती देशी कासवांची उन्हं खायची जागा आणि खाणं बळकावतात.

(दृश्य : आजी कासवाला पालकाचं पान देते)

“खायलालंय बघ, खायलालंय.”

(दृश्य : पहाटे गाडीत पेटी, पुणे रस्ता)

मुंबईत कार्गोच्या फाटकापर्यंत आम्ही सोबत होतो. पुढं कॅमेरा नेता आला नाही. कागद तिथं पुन्हा तपासले जातात आणि उतरल्यावर फ्रँकफर्टलाही. जुळले नाहीत तर प्राणी जप्त होतो.

(दृश्य : आत्यांचं अंगण, टाकी उचलून आणणारी चार पोरं)

कासव आत्यांकडे आलंय. आत्यांची अट एकच, टाकी धुवायला दर रविवारी भाच्याच्या मित्रांनी यायचं. पोरांनी पाळ्या लावून घेतल्यात. पहिल्या रविवारी दोघं आले, फिल्टरमध्ये अडकलेला पालक काढण्यातच दुपार गेली, आणि जाताना आत्यांनी त्यांना मोठा टब आणायला सांगितलंय, कारण ही टाकी वर्षभरात पुरणार नाही.