पापणीखालचा रंग

(पहाट. माळरान. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसलेल्या मेंढ्या.)

माण तालुक्यातलं हे रान. रात्रभर इथं मेंढ्या बसवल्या होत्या. लेंडी आणि मूत रानाला, त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे धनगराला. हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय.

(हात. मेंढीचा डोळा, अगदी जवळून.)

आता या कळपाच्या धनगर मामांचे अंगठे बघा. एकानं वरची पापणी डोळ्यावर हलकेच दाबली, दुसऱ्यानं खालची ओढली. आतला रंग क्षणभरच दिसतो. लालभडक असला की मेंढी सोडायची. फिकट, पांढुरका दिसला तर जंताचं औषध. दक्षिण आफ्रिकेत याच्यासाठी पाच रंगांचा तक्ता तयार झाला. तिथले पशुवैद्य फाफा मालन यांच्या नावावरून त्याला फमाचा म्हणतात.

रंग उडतो तो हिमोंकस जंतामुळे. तो मेंढीच्या पोटात राहून रक्त पितो. एकेक मादी दिवसाला 5,000 वर अंडी घालते. पावसाळ्यात अळ्या ओल्या गवतावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात.

सगळीकडची सवय मात्र अख्ख्या कळपाला एकदम औषध पाजायची. आयव्हरमेक्टिन हे असंच एक जंताचं औषध. त्याचं मूळ जपानच्या मातीत सापडलं. सातोशी ओमुरा यांना त्या कामासाठी 2015 मध्ये नोबेल मिळालं. पण 1980 चं दशक सरायच्या आतच दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांमधला हिमोंकस त्याला दाद देईनासा झाला. सगळ्यांना पाजलं की औषध पचवणारे जंतच तेवढे उरतात, आणि रानात अंडी पडतात ती त्यांचीच. सोडून दिलेल्या मेंढीच्या पोटात औषधानं मरणारे जंत राहतात. त्यांची वीण रानात मिसळत राहिली, तरच औषध टिकतं. म्हणून आम्हाला ही न पाजलेली मेंढी दाखवायची होती.

(शेणाचा गोळा ढकलणारा भुंगा.)

याच्यासाठी आम्ही दुपारभर जमिनीवर आडवे होतो. मागच्या पायांनी ढकलतोय, डोकं खाली. चढ आला, गोळा घसरला, पुन्हा लावला. हा गोळा तो जमिनीत पुरतो. शेण मातीत मुरतं ते असं. जनावराला दिलेलं आयव्हरमेक्टिन बहुतेक शेणावाटेच बाहेर पडतं, आणि त्या शेणात भुंग्याच्या अळ्या जगत नाहीत.

(पुन्हा वाघर. मेंढीच्या पाठीवर निळा ठिपका.)

ही फिकी निघाली. औषध पाजलं, पाठीवर खूण केली. पुढच्या पावसात हीच पुन्हा फिकी दिसली, तर तिचं कोकरू पैदाशीला ठेवायचं नाही, असं मामा म्हणतात.