विष्णुपंत पागनीस : गळा आवरणारा नट

पडद्यावर एक माणूस विठ्ठलासमोर बसून गातो आहे. 'पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी.' 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' या चित्रपटाची ही सुरुवात. साल १९३६. पाठोपाठ तुकोबांचा प्रतिस्पर्धी सालोमालो देवळात तेच पद गातो, तेही स्वतःचं म्हणून. हातवारे करत, गळा फिरवत. ही दोन गाणी लागोपाठ ऐका. विष्णुपंत पागनीसांनी तुकोबा गाताना काय काय टाळलं, ते तिथेच कानांना कळतं.

गळा फिरवणं त्यांना परकं नव्हतं. जन्म १८९२चा. स्त्रियांची कामं पुरुषांनीच करण्याच्या त्या काळात तरुण पागनीस 'स्वदेश हितचिंतक' नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करत. संगीत नाटकात नुसतं रूप पुरत नसे. गाता गळा हवा, आणि पदाला 'वन्समोअर' घेण्याची ताकद हवी. पुढे रंगभूमी सुटली. मुंबईत ते संगीत शिकवू लागले, भजनात रमले.

दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटासाठी त्यांचं नाव पुढे आलं, तेव्हा शंका निघाली. स्त्रीभूमिकांचा मऊपणा अंगात मुरलेला हा नट तुकाराम म्हणून शोभेल का? मला वाटतं, तोच मऊपणा कामी आला. तुकोबांची बायको जिजाई पाहा, गौरी या नटीने केलेली. संतापून, हातात पायताण घेऊन ती थेट विठोबाच्या देवळात शिरते. तिच्या त्या आगीपुढे पागनीस आवाज चढवत नाहीत. ते ऐकून घेतात, कसनुसं हसतात, समजावतात. आणि बोलता बोलता गाऊ लागतात, तेव्हा बोलणं कुठे संपलं ते कळत नाही. गाण्यासाठी नाटक थांबायचं, त्या रंगभूमीवर वाढलेल्या नटाने हे साधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संगीत केशवराव भोळे यांचं. 'आधी बीज एकले' लिहिलं शांताराम आठवले यांनी, विसाव्या शतकात. पण पागनीसांच्या तोंडून ते ऐकलेल्या कितीतरी लोकांनी तो तुकोबांचाच अभंग मानला. आजही मानतात. कवीच्या शब्दांचं हे श्रेय आहेच, त्यात गाणाऱ्याचा वाटाही मोठा आहे. शब्द आधी, सूर मागून, आणि स्वतः गायक त्याच्याही मागे, असं ते गायले.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. लोक पागनीसांनाच तुकाराम समजू लागले.

मग संतांच्याच भूमिका येत राहिल्या. १९३९ साली तुलसीदास, १९४० साली नरसी भगत. १९४३ मध्ये, वयाच्या पन्नाशीत ते गेले. एखाद्या साध्या संसारी माणसाच्या, शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या भूमिकेत त्यांना पाहायला मिळायला हवं होतं. तशी संधी त्यांना कुणी द्यायला हवी होती.