लाल कमानींच्या आडचं भातखाचर

श्रोतेहो, नमस्कार.

जपानच्या क्योतो शहरात गेलेला माणूस एक फोटो हमखास घेऊन येतो: डोंगर चढत गेलेल्या लाल-नारिंगी कमानींचा. ते फुशिमी इनारी, शिंतो पंथाचं जुनं देवस्थान. या कमानींना म्हणतात तोरी. डोंगरभर मिळून त्या सुमारे १०,००० आहेत. चढताना नुसता रंग दिसतो. उतरताना मात्र खांबांवर काळ्या अक्षरांत देणगीदारांची नावं वाचता येतात. त्यात व्यापारी आणि कंपन्याच जास्त, म्हणून हा पैशाअडक्याचा देव असावा असं वाटतं.

पण इनारी मुळात भाताचा देव. स्थापना इ.स. ७११ ची मानतात. दंतकथा अशी की हाता घराण्यातल्या एका धनाढ्यानं तांदळाच्या मोचीवर, म्हणजे चिकट गोळ्यावर, बाणाचा नेम धरला. अन्नाशी असा खेळ म्हणजे माजच! त्या मोचीचा पांढरा पक्षी झाला, डोंगरमाथ्यावर जाऊन बसला आणि तिथं भात उगवला.

देवळापुढचे दगडी कोल्हे हे इनारीचे दूत. एखाद्याच्या तोंडात भाताची लोंबी असते, तर एखाद्याच्या तोंडात किल्ली. ती धान्याच्या कोठाराची, असं सांगतात. बाहेरच्या दुकानांत भाजलेल्या चिमण्या विकायची जुनी चाल आहे. कारण काय, तर चिमण्या भाताचे दाणे खातात! मला काही तो पदार्थ खाववला नसता. इनारीचं नाव लावणारी, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली सुशी मात्र शाकाहारी पाहुण्यानं जरूर चौकशी करून बघावी.

बहुतेक प्रवासी कमानी बघून परततात आणि आवारातलं देवाचं भातखाचर राहून जातं. तिथं एप्रिलमध्ये बी पेरतात आणि १० जूनला लावणी होते. आपल्याकडे तेव्हा मृग नुकताच लागलेला असतो. संगीत चालू असतं, पारंपरिक वेशातल्या बायका चिखलात उतरून रोपं लावतात. २५ ऑक्टोबरला कापणी. पेंढाही वाया जात नाही. ८ नोव्हेंबरच्या अग्निउत्सवात तो जाळतात. तांदूळ २३ नोव्हेंबरला नव्या धान्याचा नैवेद्य म्हणून देवापुढे जातो.

तेव्हा जायचंच तर यातली एखादी तारीख धरून जा. क्योतो स्थानकातून नारा मार्गाच्या लोकलनं दुसरंच स्टेशन, इनारी. बाहेर पडलात की समोरच देऊळ. तिकीट नाही, आणि डोंगराची वाट रात्रीही बंद नसते.